दादाची शिट्टी

घड्याळजींच्या दुकानात एकशे चौदा घड्याळं होती आणि त्यांतली एकशे तेरा एकच वेळ दाखवायची. एकशे चौदावं त्यांच्या बायकोनं लग्नात माहेरून आणलेलं. ते दहा मिनिटं पुढे धावायचं आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. "माझ्या माहेरची वेळ आहे ती," असं ती ठणकावून सांगायची, आणि माहेरच्या वेळेशी वाद घालण्याइतके घड्याळजी अजून खुळे झाले नव्हते.

माणूस किडकिडीत, पाठीला बाक, उजव्या डोळ्याभोवती भिंगाचं कायमचं वर्तुळ. बोलणं असं, की प्रत्येक शब्द आधी पुसून, मग वाऱ्यावर वाळवून बाहेर काढतायत. थोरला भाऊ नेमका उलट. दादा म्हणजे सहा फुटांचा गडगडाट. लोकांच्या कार्यक्रमांना खुर्च्या-टेबलं भाड्यानं द्यायचा धंदा, त्यासाठी एक पिकअप आणि ती दुरुस्त करायला एक हातोडा. संध्याकाळी साडेपाचला गाडी कोपऱ्यावर आली की दोन बोटं तोंडात घालून दादा अशी शिट्टी ठोकायचा, की घराच्याच पुढच्या खोलीतल्या दुकानातली नाजूक घड्याळं क्षणभर बिचकायची. शिट्टी झाली की वहिनी हातातलं टाकून फाटक उघडायला धावायच्या. तीस वर्षं हेच.

आठ महिन्यांपूर्वी दादा गेला. अंगणात खुर्च्या मोजत होता. "एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस" म्हणाला, दम लागला म्हणून पुढच्या खुर्चीवर टेकला आणि उठलाच नाही. "कुठलंही काम अर्धवट टाकायची सवयच होती त्यांना," वहिनी म्हणाल्या, आणि मग कितीतरी दिवस काहीच बोलल्या नाहीत. जेव्हा बोलल्या तेव्हा एवढंच, "किल्ली कुठे आहे?"

घड्याळजी गोंधळले. "कशाची, वहिनी?"

"गाडीची. खुर्च्या काय स्वतःच्या पायांनी जाणारेत? त्यांना चार पाय असले म्हणून काय झालं?"

वहिनींकडे लायसन्स होतं, पण दादानं त्यांना वीस वर्षांत फाटकाबाहेर गाडी नेऊ दिली नव्हती. आता त्या पिकअप घेऊन गावभर फिरू लागल्या. चालवायच्या बरी. हसायच्या मात्र नाहीत. संध्याकाळी गाडी गुपचूप फाटकाशी यायची, वहिनी उतरून स्वतःच फाटक उघडायच्या, आणि ते बघणं घड्याळजींना इतकं जड जायचं, की साडेपाच वाजले की ते मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसायचे.

आणि दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी, साडेपाचला, कोपऱ्यावरून शिट्टी आली.

घड्याळजींच्या हातातला चिमटा गळून पडला. स्वयंपाकघरातून त्यांची बायको ओल्या हातांनी बाहेर आली, तोंड पांढरंफटक. शिट्टी लांब, चिरकी, शेवटी जरा वर चढणारी. अगदी तीच. पिकअप फाटकाशी थांबली. आत वहिनी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ऐकलंत?"

घड्याळजींनी ऐकलं होतं. आणि ज्या क्षणी ऐकलं त्याच क्षणी त्यांना कळलंही होतं. दरवर्षी दादाबरोबर याच अंगणात पुढचे ब्रेक पॅड बदलले होते त्यांनी; ताकद दादाची, सुटे भाग सांभाळणं यांचं. पॅडला एक छोटी पोलादी जीभ असते. पॅड झिजत झिजत ठरावीक जाडीवर आला की ती जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि ब्रेक दाबला की शिट्टी वाजते: बाबांनो, मी संपत आलो, मला बदला. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

हे सांगायला तीन शब्द पुरे होते. वहिनी, पॅड झिजलेत. ते तीन शब्द पुसून, वाळवून अगदी ओठांपर्यंत आले. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच वहिनी हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, आणि तरी हसत होत्या.

"ऐकलं," घड्याळजी म्हणाले, आणि उठून त्यांनी फाटक उघडलं.

त्या दिवसापासून घरात भूत आलं. भूत म्हणजे तसं घरचंच, त्यामुळे कोणी फार आरडाओरडा केला नाही. वहिनी गाडीत त्याच्याशी बोलू लागल्या. कोपऱ्यावर शिट्टी झाली की "आले, आले, धीर धरा की जरा!" असं स्वतःच गाडी चालवता चालवता म्हणायच्या. घड्याळजींच्या बायकोनं पिकअपमध्ये बसणं सोडलं. "मोठे भाऊजी असताना त्यांच्यापुढे मी कधी बसले नाही, आता मांडीवर बसू की काय?" तिचं म्हणणं बिनतोड होतं.

आणि घड्याळजी? घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडलं तर ज्याच्या पोटात दुखायचं, तो माणूस रोज पाच वाजून वीस मिनिटांनी भिंग काढून ठेवायचा आणि कोपऱ्याकडे कान लावून बसायचा. मनात हिशेब चालू असायचा. आज दहा ठिकाणी खुर्च्या, म्हणजे इतक्या वेळा ब्रेक, म्हणजे पॅड इतका पातळ. उद्या सांगू. शिट्टी यायची. छातीत काहीतरी लख्ख व्हायचं, दादा आला. मग लगेच ते सगळं विझून गार पडायचं, कारण आणखी एक केसभर पॅड गेलेला असायचा. उद्या नक्की सांगू. असे साठ उद्या झाले.

शनिवारी वहिनी घरी आल्या त्या तावातावानं. "अहो भाऊजी, आज काय झालं माहितेय? शाळेपाशी उतार आहे ना, तिथं एक सायकलवाली बाई एकदम आडवी आली. मी ब्रेक दाबतेय तर गाडी थांबायचं नावच घेईना. हा असा खर्रर्र आवाज! आणि मग थांबली. बाईच्या मागच्या चाकापासून एवढ्यावर." त्यांनी हाताची वीत करून दाखवली. "मी नाही थांबवली. तुमच्या दादांनी थांबवली."

त्या हे हसत हसत सांगत होत्या. घड्याळजींनी हातातलं भिंग खाली ठेवलं. दादा असता तर त्यानं गाडी नसती थांबवली. त्यानं आधी आपल्या धाकट्या भावाच्या कानाखाली जाळ काढला असता.

"वहिनी," ते म्हणाले, "उद्या रविवार. गाडी कुठे न्यायची नाही. पॅड बदलायचेत."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खुळ्या नव्हत्या. ब्रेक दाबला की शिट्टी, सोडला की बंद, हे दोन महिने त्यांच्या पायालाही कळत होतं. पायाला कळलेलं त्यांनी डोक्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

"पॅड नवे घाला," त्या म्हणाल्या. "आवाज राहू दे."

"आवाज जुन्या पॅडचाच आहे."

"तुम्ही एवढ्याएवढ्या घड्याळातून हव्या त्या वेळी टोल पाडता. कोंबडा आरवायला लावता. मग हे नाही जमत?"

घड्याळजी भिंग पुसू लागले. कारण जमत होतं.

रविवारी सकाळी अंगणात सपाट जागेवर पिकअप उभी राहिली. मागच्या चाकांना विटा लागल्या. घड्याळजींनी सतरंजी अंथरली, तिच्यावर सुटे भाग ठेवायला सात झाकणं ओळीनं मांडली, चिमटे, ब्रश, मलमलचा तुकडा ठेवला आणि डोळ्याला भिंग लावलं. बायको दारातून म्हणाली, "अहो, ट्रक आहे तो. मनगटावर बांधायचा नाहीये."

नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक, मग खाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू. आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवायचं, घोडी दगा देईल तर गाडी चाकावर पडावी, माणसावर नाही. हे सगळं दादाचंच शिक्षण. पहिला नट हलेना. घड्याळजी पान्ह्यावर लोंबकळले, मग उभे राहिले, मग उड्या मारू लागले. पन्नास किलोंचा माणूस त्या पान्ह्यावर चिमणीसारखा नाचत होता. दादा इथे एक शिवी हासडायचा आणि नट सुटायचा. घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तीच शिवी, पण अगदी हळू आवाजात, दिली. नट सुटला. 

खालचा बोल्ट काढून पॅड आवळून धरणारा कॅलिपर वर उचलला, ब्रेकच्या नळीवर भार येऊ नये म्हणून तारेनं बांधला. जुने पॅड हातात आले. आतल्या पॅडवर माल उरला होता तो दोन पोस्टकार्डांइतका. डिस्कवरून त्यांनी नख फिरवलं. बारीक रेघा होत्या, पण नख अडकलं नाही. आणखी आठवडाभर जाता तर लोखंडावर लोखंड. पॅडच्या पाठीवर त्यांच्याच हातानं कोरलेली तारीख होती. घड्याळाच्या झाकणात आतून कोरतात तशी ते इथेही कोरायचे आणि दादा दरवर्षी हसायचा, "इथं कोण वाचणारे रे, डिस्क?" गेल्या वर्षीच्या तारखेखाली जाड्या, वेड्यावाकड्या अक्षरांत आणखी काही होतं. खिळ्यानं आणि हातोड्यानं ठोकलेलं. घड्याळजींनी काळी धूळ पुसली आणि भिंग जवळ नेलं.

'वाचलं.'

बस्स, एवढंच. त्यांची पाठ फिरल्यावर कधीतरी दादानं गंमत करून ठेवली होती आणि वर्षभर ती चाकात गरगरत होती. घड्याळजी सतरंजीवर तसेच बसून राहिले. भिंगात पाणी साचलं की अक्षरं फार मोठी दिसतात.

नव्या जाड पॅडला जागा व्हावी म्हणून शिकंज्यानं कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू मागे दाबला, वर ब्रेक ऑइलच्या डबीवर एक डोळा ठेवून. मग नवा पॅड हातात घेतला. जीभ डिस्कपासून चांगली लांब होती. पक्कड जिभेवर ठेवली. थोडं, अगदी थोडं वाकवायचं. साडेपाचला रोज शिट्टी, वर्षभर, आणि गाडीही नीट थांबणार.

"जमतंय ना, भाऊजी?" वहिनी पायरीवर कधी येऊन बसल्या होत्या ते कळलंच नव्हतं.

घड्याळजींनी पक्कड आवळली. आणि त्यांच्या डोक्यात, आपोआप, पुढचा हिशेब चालू झाला. शिट्टी रोजच वाजणार. मग पॅड खरोखर संपतील, तेव्हाही वाजणारच. तेव्हा वहिनी म्हणतील, आले, आले. शाळेचा उतार असेल.

ते वहिनींकडे पाठ करून वळले. काय केलं ते वहिनींना दिसलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. दुसरं चाकही झालं. सगळं आवळून गाडी खाली आल्यावर घड्याळजींनी त्यांना आत बसवलं. "चालू करण्याआधी ब्रेक दाबा. पहिल्यांदा पाय खालपर्यंत जाईल, घाबरू नका. दाबा. सोडा. दाबा. लागला का कडक?"

"लागला."

"आता नवे पॅड डिस्कवर घासून रुळवायला हवेत. वेग घ्यायचा, हळू करायची, पुन्हा वेग घ्यायचा. तीस वेळा. मी येतो."

गोदामांमागे सरळ, रिकामा रस्ता होता. वहिनींनी वेग घेतला. दोघांच्याही खिडक्या उघड्या होत्या. वहिनींनी ब्रेक दाबला.

गाडी लोण्यासारखी हळू झाली. आवाज नाही.

"एक," घड्याळजी म्हणाले.

वहिनींनी पुन्हा वेग घेतला. दोन. तीन. प्रत्येक वेळी ब्रेक दाबण्याआधी त्या खिडकीकडे कान न्यायच्या आणि प्रत्येक वेळी रस्ता गप्प राहायचा. चौदाव्याला त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमत होतं."

"हो."

"मग?"

"वहिनी, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन महिने. तुम्हाला पातळ ब्रेकवर फिरू दिलं मी." शब्द न पुसता, न वाळवता पडत होते. "काल ती बाई गेली असती. तुम्ही गेला असता. आणि मी काय करत होतो, तर साडेपाचला कान लावून बसत होतो. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

वहिनींनी ब्रेक असा मारला, की घड्याळजींचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं.

"लागतोय ब्रेक," वहिनी म्हणाल्या.

"इतका जोरात नाही दाबायचा अजून," कपाळ चोळत घड्याळजी म्हणाले. "पॅड खराब होतात."

"गप्प बसा!" त्या ओरडल्या. ओरडल्या त्या अगदी दादासारख्या. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून हुंदके देऊन रडल्या. घड्याळजी शेजारी बसून राहिले. मांडीवर ठेवायचे की खिशात घालायचे हे न कळून त्यांचे हात हवेतच होते. समोर रस्ता रिकामा होता. मागे हौदात कोणी नव्हतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या गाडीत दिसणाऱ्या माणसांखेरीज कोणी नव्हतं, आणि ते दोघांनाही एकदमच जाणवलं.

बऱ्याच वेळानं वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "किती झाले?"

"पंधरा. हा धरला तर."

"धरा."

सोळा. सतरा. असं करत तीस.

"पुरे झाले," घड्याळजी म्हणाले. "आता गाडी कुठेही न्या."

"अजून एकदा."

"तीस पुरे असतात, वहिनी."

"तुम्हाला पुरे असतील."

त्यांनी वेग घेतला आणि गोदामाच्या टोकाशी, जिथून वळण सुरू होतं, तिथे अगदी सावकाश पाय ठेवला.  टायरखाली खडी कुरकुरली, कुठल्यातरी छपराचा पत्रा वाऱ्यानं हलला, गाडी थांबली. वहिनी थोडा वेळ तशाच ऐकत राहिल्या.

"भाऊजी," मग त्या म्हणाल्या, "उद्या मला सत्तर खुर्च्या पोचवायच्यात. चढवायला याल? आणि शाळेच्या रस्त्यानंच जायचंय. ती बाई दिसली तर थांबून माफी मागू. दोघंही."

"येतो," घड्याळजी म्हणाले.

वहिनींनी गाडी वळवली.