दोन हजार मीटरवरचं झाकण

मावशी नेमकं काय काम करते, हे काका पाहुण्यांना एका वाक्यात सांगत. "आमच्या बाईसाहेब समुद्रात बरण्या सोडतात." पाहुणे हसत, मावशीही हसे, आणि विषय तिथेच संपे.

खरं तर काकांचं वाक्य फारसं चुकीचं नव्हतं. बंदराच्या मागच्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून एक बैठी इमारत आहे. तिच्या अंगणातून एक जाड केबल जमिनीखाली जाते, वाळूखालून पाण्यात शिरते आणि तळावरून शेकडो किलोमीटर लांब पसरते. त्या केबलवर ठिकठिकाणी यंत्रं बसवलेली आहेत. वरच्या पाण्याचा दाब, तळाचं थरथरणं, पाण्याचं तापमान आणि माशांचे आवाज ती रात्रंदिवस किनाऱ्याला कळवत असतात. ही यंत्रं नाजूक, समुद्र खारा, आणि दोन हजार मीटर खाली पाण्याचं ओझं एवढं की नखाएवढ्या जागेवर भरलेली चार पोती ठेवावीत. म्हणून प्रत्येक यंत्र धातूच्या एका गोल, लांबट डब्यात बंद करून सोडतात. तो डबा बंद करण्याचं काम मावशीचं. सव्वीस वर्षं तिने तेवढंच केलं.

ती शास्त्रज्ञ नव्हती. पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातून ती इथे आली होती. "तिकडे पाणी आत जाऊ द्यायचं आणि मोजायचं, इकडे येऊच द्यायचं नाही. सोपं झालं उलट," असं ती म्हणे.

सोपं मात्र नव्हतं. एम.ए.च्या दोन वर्षांत मी तिच्याकडे राहत होते, तेव्हा एकदा तिने मला दाराच्या काचेतून ते काम बघू दिलं. आधी दारावर लाल पाटी लावली: बंद करणं चालू आहे. मग केस टोपीत कोंबले, हातमोजे घातले. झाकणाच्या कडेला बोटभर रुंद खाच असते, ती तिने कापडाने तीनदा पुसली आणि दिव्याखाली भिंग धरून पुन्हा पाहिली. पाकिटातून नवी रबरी रिंग काढली, तिला ग्रीसचा एवढा पातळ हात दिला की रबर फक्त चमकलं, आणि ती बोटांमधून सबंध फिरवून खाचेत बसवली. मग झाकण आणि समोरासमोरचे बोल्ट, थोडे थोडे करून, आळीपाळीने. चाळीस मिनिटं ती कुणाशी बोलली नाही. नाक खाजलं तर खांद्याला घासलं.

या चाळीस मिनिटांचा एक नियम होता आणि तो तिनेच लिहिलेला होता. पाकीट फोडल्यापासून शेवटच्या बोल्टपर्यंत काहीही मध्ये आलं, फोन, हाक, शिंक, तर ती रिंग फेकायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. फार पूर्वी एक डबा पाणी भरलेला वर आला होता. उघडला तेव्हा रिंगखाली लोकरीचा एक धागा सापडला. स्वेटर त्या दिवसांत सगळेच घालत. धागा कुणाचा होता हे मावशीने कधी विचारलं नाही, फक्त नियम लिहून दारावर चिकटवला.

तिच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते तेव्हाची ही गोष्ट.

केबलवरचं सगळ्यात लांबचं यंत्र आठ महिने बंद होतं. कुणाच्या तरी मोठ्या जाळ्याने ते ओढून मोडलं होतं. भिंतीवरच्या नकाशात त्याच्या जागी एक करडा ठिपका होता, आणि येता-जाता प्रत्येकाची नजर तिथे जाई. तळ हादरून मोठी लाट उठलीच, तर ती सर्वांत आधी तिथून जाणार. ते यंत्र चालू असताना बंदराला बावीस मिनिटं आधी कळलं असतं. ते नसताना तेरा. माझी आई बंदराजवळच्या शाळेत शिकवते. शाळा बैठी, टेकडीच्या पायऱ्या दोन गल्ल्या सोडून. दर तिमाहीला मुलांना रांगेने वर नेऊन सराव करतात. आईच्या हातात घड्याळ असतं. कितीही घाई केली तरी सोळा मिनिटं लागतात.

म्हणून नव्या यंत्राकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. ते आलं, तपासलं, आणि बंद करायला मावशीकडे गेलं. तिचा हा शेवटचा डबा. साहेबांना वाटलं, आठवण राहिली पाहिजे. तिची रिंग खाचेत बसली होती, झाकण अजून टेबलावर होतं, तेवढ्यात ते फोटोग्राफरला घेऊन दार ढकलून आत आले.

"दोनच मिनिटं, बाई. खात्याच्या अंकात छापायचाय."

फोटोग्राफर म्हणाला, "ती टोपी जरा काढता का? चेहरा उठून दिसेल."

मावशीने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, हसली. तीन फोटो झाले. तिने टोपी पुन्हा घातली, झाकण लावलं, बोल्ट आवळले. मग डब्यातली हवा ओढून घेतली आणि दाब दाखवणारा काटा रात्रभर तसाच सोडला. सकाळी काटा तसूभरही हलला नव्हता. जोडीदारांनी, म्हणजे तिचा प्रत्येक डबा तपासून सही करणाऱ्या गृहस्थांनी, झाकणावर सही केली. एकोणीस वर्षं त्यांना हेच नाव होतं. डबा जहाजावर गेला.

जहाज निघायच्या दिवशी सकाळी फोटो काकांच्या फोनवर आला. काका खूश. "अगं, बघ तरी! लग्नातसुद्धा एवढी हसली नव्हतीस."

मावशीने चहा ठेवला, चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला. बघता बघता तिचा चेहरा उतरला. फोटोत ती हसत होती, एका हातात टोपी होती, आणि हनुवटीखाली, मोकळ्या केसांच्या बरोबर खाली, उघडी रिंग चमकत होती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"मी रिंग बदलली नाही." ती उठलीच. "सगळे मागे उभे होते. म्हटलं, आता यांच्यासमोर पुन्हा पाकीट कुठे फोडू. लाज वाटली."

चहा तसाच राहिला. जहाज साडेअकराच्या भरतीला निघणार होतं, आणि घड्याळात पावणेदहा झाले होते. पुढचं मी जोडीदारांकडून ऐकलं.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा डबा चौकटीत बसवून डेकवर बांधलेला होता. तिने साहेबांना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. साहेबांना आधी ती थट्टा वाटली.

"बाई, टेस्ट पास झालीये ना?"

"हवेच्या टेस्टला केस कळत नाही साहेब. दोन हजार मीटरवर कळतो."

"मग केस आहे आत?"

"माहीत नाही."

"नसेलही?"

"नसेलही."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "पुढची भरती बारा तासांनी. परवा दुपारपासून समुद्र बिघडणार. दोन कामं होती, एकच होईल. आणि तुम्ही सांगताय नसेलही! बाई, रिटायर तुम्ही होताय, जहाज नाही होत."

"डबा भरला तर पुन्हा वर्षभर तेरा मिनिटं," मावशी म्हणाली. "भरला की नाही हे खाली गेल्यावर कळणार, आणि तेव्हा जहाज परत आलेलं असेल. आत्ता उघडला तर बारा तास जातात. मला बारा तास परवडतात."

"तुम्हाला परवडतात!"

जोडीदार इतका वेळ दोरखंडावर बसून ऐकत होते. ते उठून आले. "मी सही केलीय त्यावर," ते मावशीला म्हणाले. "म्हणजे माझी सही खोटी?"

"सही तुम्ही काट्यावर केलीत. टोपीवर नाही."

ते साहेबांकडे वळले. "टोपी काढली तेव्हा मी दारातच होतो. मला दिसलं. तिच्या शेवटच्या दिवसांत कशाला बोला, म्हणून गप्प बसलो." आणि खिशातून पान्हा काढत म्हणाले, "सोडवा तो डबा."

साहेबांनी कप्तानाला फोन लावला. वाद झाला नाही असं नाही, पण साडेअकराची भरती जहाजाशिवाय गेली.

कार्यशाळेत लाल पाटी लागली. या वेळी आतून कडीसुद्धा. मावशीने झाकण उघडलं, रिंग काढली, पांढऱ्या कापडावर ठेवली. दोघांनी भिंगाखाली ती इंच इंच फिरवून पाहिली. मग खाच, मग झाकणाची कड. केस नव्हता. धागा नव्हता, धुळीचा कणही नव्हता. रिंग नव्यासारखी होती.

"झालं समाधान?" जोडीदारांनी विचारलं.

"समाधानाचा प्रश्न नाही." तिने ती रिंग कात्रीने कापली आणि टोपलीत टाकली. "दुसरं पाकीट द्या."

मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. केस सापडला असता तर गोष्ट सोपी झाली असती. ती शाबासकीची धनी झाली असती, साहेबांनी भाषणात सांगितलं असतं. काहीच सापडलं नाही, म्हणून तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं, फक्त गेलेले बारा तास होते. तरी तिने पाकीट फोडलं आणि चाळीस मिनिटं, पहिल्या दिवशी केलं असेल तसंच, सगळं पहिल्यापासून केलं.

त्या बारा तासांची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. जहाजाचं दुसरं काम देवमाशांचे आवाज ऐकणाऱ्या बाईंचं होतं. पाण्यातला त्यांचा माइक खाली जाणार होता, तो आता पुढच्या मोसमावर गेला. तीन वर्षं त्या वाट बघत होत्या. मावशी संध्याकाळी स्वतः त्यांच्या खोलीवर गेली. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"केस सापडला?"

"नाही."

"मग माझं वर्ष कशासाठी गेलं?"

"माझ्या चुकीसाठी," मावशी म्हणाली. "रिंग तेव्हाच बदलली असती तर तुमचं काम झालं असतं."

बाईंनी आत या म्हटलं नाही. मावशीनेही ते मनावर घेतलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "चिडणारच. मी असते तर भांडले असते." आणि फोडणीला कांदा चिरायला बसली.

दोन दिवसांनी, समुद्र बिघडायच्या चार तास आधी, जहाजाने यंत्र तळावर ठेवल्याचं कळवलं. त्या दुपारी मी तिचा डबा पोचवायला गेले होते, जेवणाचा. पडद्यासमोर पाच-सहा माणसं उभी होती. जोडणी झाली. करडा ठिपका आधी पिवळा झाला, मग हिरवा. दाबाची रेघ उमटली आणि हळूहळू वर चढू लागली. तिकडे भरती सुरू होती. कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी त्या रेघेकडे बघतच नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो. डब्याच्या आत किती ओलावा आहे ते तो सांगतो; पाणी झिरपू लागलं तर तो वाढतो. तिथे अकरा होतं. बंद करताना होतं तेवढंच.

माणसं पांगली. जोडीदार चहा घेऊन आले, तिच्यासमोर ठेवून गेले. ती खुर्चीत बसून राहिली. मी डबा उघडून दिला तर तिने दोन घास खाल्ले, नजर कोपऱ्यावर.

चारच्या सुमारास आईचा फोन आला. शाळा नुकतीच सुटली होती, मागे पोरांचा कल्ला ऐकू येत होता.

"ताई, लागलं का ते तुमचं?"

"लागलं."

"म्हणजे बावीस?"

"बावीस."

"बावीस," आईने पलीकडे पुन्हा म्हटलं. मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "मग आता तिथे काय करतेस? घरी जा की. निवृत्त होणारी माणसं लवकर घरी जातात."

"जाते गं," मावशी म्हणाली. "अकराचं बारा होतंय का, तेवढं बघते."