मातीतला चुना

शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला एक खोड लागली होती. कुणी 'माती' हा शब्द उच्चारला की मी आधी त्याच्या चपलांकडे बघायची. नव्वदीच्या मधल्या त्या वर्षांत बेंगळुरूमध्ये तो शब्द फार ऐकू यायचा. एकीकडे दर महिन्याला नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि दुसरीकडे गॅलऱ्यांमध्ये शेण, हळद, सुतळी, लाल माती अशा वस्तू पांढऱ्या भिंतींपुढे मांडलेल्या दिसायच्या. दोन्हींच्या उद्घाटनाला माणसं मात्र तीच असायची.

संशय मला घरातूनच मिळाला असावा. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण अशी, की पुण्याहून आलेला पाहुणा दर दोन वाक्यांनी आम्हाला थांबवून अर्थ विचारायचा. कॉलेजातल्या मुलांसाठी मी मराठी होते आणि पाहुण्यांसाठी कानडी. त्यामुळे आमचे सर वर्गात 'आपल्या मातीतून काम करा' असं सांगायचे तेव्हा मी विचारात पडायची, की यातली माझी कुठली. अप्पा सरकारी कारखान्यात फोरमन होते. तिथे स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले जात होते आणि अप्पांच्या मते त्यात इच्छा कुणाचीच नव्हती. ते कुठलाही छापील कागद आधी शेवटच्या ओळीपासून वाचायचे.

सर दोन वर्षं परदेशात राहून आलेले होते. एके दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की एक सॉफ्टवेअर कंपनी शहराच्या दक्षिणेला नवं आवार बांधते आहे. तिथल्या स्वागतकक्षाची एक मोठी भिंत त्यांना भाजलेल्या मातीत करून हवी आहे आणि ते काम मी करावं. वर्गात माझ्याहून चांगलं काम करणारी दोन मुलं होती. मी सरांना तसं स्पष्टच म्हटलं, आणि विचारलं, की मुलगी आणि स्थानिक असं दोन्ही दिसावं म्हणून माझी निवड झाली आहे का.

सर चिडले नाहीत. म्हणाले, "तुझं काम चांगलं आहे. आणि तू ते केलंस तर दिसेलही चांगलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

 त्यांनी पुढे केलेलं कंपनीचं पत्र मी घेतलं.

मातीसाठी मी बसवनगुडीच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे गौरी-गणपती करणारे एक म्हातारे मूर्तिकार होते. मी त्यांना अण्णा म्हणायची आणि ते मला अम्मा म्हणायचे. ते कानडीत बोलायचे, इथे मी ते मराठीत सांगते आहे. माती कशी मळायची, किती ओली ठेवायची, हे मी कॉलेजात कमी आणि त्यांच्या पडवीत जास्त शिकले होते. त्यांची माती एकाच केरेतून यायची. तळ्याला आमच्याकडेही केरेच म्हणतात. काळसर, लोण्यासारखी माती होती ती.

मी माती मागितली तर अण्णा म्हणाले, त्या केरेची माती आता मिळत नाही. मला ते खरं वाटलं नाही. कारागीर आपली जागा सांगत नसतात, हे मला ठाऊक होतं. आठवड्याभरात मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हात धुतले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "चल, स्वतःच बघ."

बसने गेलो, पुढे मैलभर चाललो. केरे अर्धीच उरली होती. एका बाजूला पाण्यात म्हशी बसलेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला टिपर रिकामे होत होते. शहरात तेव्हा जुने बंगले पाडायची लाट होती, त्यांचा राडारोडा इथे येत होता. विटांचे तुकडे, चुन्याचा गिलावा, एखादी निळ्या रंगाची चौकट. पलीकडच्या काठावर लोखंडी सांगाडा उभा होता आणि त्यापुढे पाटी होती. पाटीवरचं नाव माझ्या पिशवीतल्या पत्रावर होतं.

अण्णांना मी ते सांगितलं नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते सोयीचं वाटलं.

दोन दिवसांनी मी कंपनीच्या इंदिरानगरच्या ऑफिसात गेले. ज्यांच्या सहीचं पत्र होतं ते अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कॉफी मागवली, नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं. कागदावर तिथे 'सखल जमीन' असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मी पाणी बघून आले आहे, म्हशीही बघितल्या. ते म्हणाले, टिपर त्यांचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत, आणि पाणी पावसाचं असेल. ते खोटं बोलत असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते नकाशावर जे होतं तेच सांगत होते.

घरी हे ऐकून अप्पा म्हणाले, "तुला सरळ चुना लावलाय. सोडून दे." आणि मग थोड्या वेळाने, "स्वल्प विचार कर. सोडलंस तर दुसरा कुणीतरी करेल."

मी काम सोडलं नाही. कारण स्वतःला असं दिलं, की त्यांनी बुजवलेली केरे मी त्यांच्याच भिंतीवर नेऊन लावीन. हे कारण मला आवडलंही. त्याच्या खाली दुसरं एक होतं. माझं नाव पेपरात येणार होतं आणि मला ते हवं होतं.

केरेच्या काठची ओली माती थापून मी तिथल्याच जमिनीवरचे ठसे घेतले. म्हशीचे खूर, बगळ्याचे पाय, वाळलेल्या गाळाच्या भेगा, आणि मुद्दाम, टिपरच्या टायरची नक्षी. त्या ठशांचे साचे वापरून एकूण चाळीस फरशा करायच्या होत्या. फरशांसाठीची माती पोत्यांत भरून अण्णांच्या पडवीत आणली. त्यांनी चिमूटभर अंगठ्याने चोळली आणि मान हलवली.

"यात चुना आहे, अम्मा. गणपतीला चालेल, तो पाण्यातच जायचा असतो. तू भाजणार. भाजलेलं लगेच नाही फुटत. महिन्याभराने हवेतलं पाणी पिऊन आतून फुटतं. दोनदा कापडातून गाळून घे."

मातीचं पातळ पाणी करून ते जुन्या धोतरातून गाळायचं आणि बसलेला गाळ पुन्हा वाळवायचा, हे कंटाळवाणं काम होतं. पहिल्या दहा फरशांची माती मी गाळली. बाकीची गाळली नाही.

फरशा भट्टीतून एकसंध निघाल्या. उद्घाटनाला अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. अधिकाऱ्यांनी टायरच्या ठशापुढे उभं राहून पाहुण्यांना सांगितलं, की हे प्रगतीचं चाक आहे. मी बाजूलाच होते. 

पाऊस सुरू झाला तसे फोन येऊ लागले. सकाळी स्वागतकक्षाच्या गालिच्यावर मातीच्या खपल्या पडलेल्या असत. जिथून खपली उडाली तिथे वाटाण्याएवढा खड्डा आणि त्याच्या तळाशी पांढरा ठिपका. मी आणि सर बघायला गेलो. या वेळी सांगायचंच असं मी ठरवलं होतं. अधिकाऱ्यांसमोर मी सांगितलं, की हा पाडलेल्या घरांचा चुना आहे, तो केरेत टाकला होता आणि तिथून या मातीत आला आहे.

 अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं आणि मला तेच वाक्य पुन्हा सांगायला लावून लिहून घेतलं.

महिन्याभरात भिंतीशेजारी पितळी पाटी लागली. तिच्यावर बदलत्या शहराची स्मृती, झिजत जाणारं शिल्प, असं काहीसं होतं. केरे हा शब्द नव्हता. खपल्या गोळा करायला खाली काचेचा उथळ ट्रे ठेवला होता. पेपरात फोटो आला, ट्रेसकट.

वर्षअखेरच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की हे फुटणं ठरवून केलेलं आहे का. सर माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले. मला पहिला वर्ग मिळाला.

निकालानंतर मी अण्णांना भिंत दाखवायला नेलं. फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना बाजूच्या दाराने जायला सांगितलं, तेव्हा मी भांडले आणि आम्ही समोरूनच आत गेलो. अण्णांनी ठशांकडे फारसं बघितलं नाही. ते एकेका फरशीवर बोटाच्या पेराने टिचकी मारत, कान देत पुढे सरकत होते. शेवटच्या फरशीशी जाऊन ते परत माझ्याकडे आले.

"दहा चांगल्या आहेत," ते म्हणाले. "बाकीची का नाही गाळलीस?"

मी म्हणाले, वेळ नव्हता.

"वेळ होता. माझ्याच पडवीत बसली होतीस."

ते रागावले नव्हते.  परीक्षकांना मी एक उत्तर दिलं होतं आणि यांना दुसरं, आणि दोन्ही देताना माझा आवाज अगदी सरळ निघाला होता. वर्षभर मी सरांचे, अधिकाऱ्यांचे, अण्णांचेसुद्धा शब्द उलटेसुलटे करून तपासत होते. ते धोतर बाजूला ठेवलं त्या दुपारी माझ्या मनात नेमकं काय होतं, हे मात्र मी तपासलं नव्हतं. कंटाळा होता, की सूड होता, की फुटल्यावर जास्त बोलबाला होईल असा हिशेब होता, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

बसस्टॉपवर मी अण्णांना सांगितलं, की केरेच्या काठावरच्या त्या पाटीवरचं नाव मी त्याच दिवशी वाचलं होतं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "परत येताना तू एक शब्द बोलली नव्हतीस."

वर्षभरात उरलेली केरेही बुजली. अण्णांची माती दूरच्या तालुक्यातून लॉरीने येऊ लागली. तिच्यात वाळू जास्त होती आणि गणपतींची बोटं वाळताना तडकायची, म्हणून ते बोटं जरा जाड करू लागले. मी पुढे कंपन्यांची कामं घेतली नाहीत असं नाही. दोन घेतली. दोन्ही वेळा माती मी स्वतः गाळली, आणि दोन्ही वेळा कुणाचा फोन आला नाही.