स्वखुशीने शेवटचा नंबर

नोकरी बदलते आहे हे घरी सांगायला मी नेमकी नाश्त्याची वेळ निवडली. बाबांच्या हातात चिल्याचा, म्हणजे तांदळाच्या धिरड्याचा, तुकडा होता, टोमॅटोच्या चटणीत बुडवलेला. तो तसाच धरून त्यांनी एवढंच विचारलं, "बॉटम सीनियारिटी?"

"हव," मी म्हटलं.

तुकडा ताटात परत गेला.

या दोन शब्दांचा अर्थ मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक आहे. बाबा रेल्वेत, नागपूरला असिस्टंट ड्रायव्हर होते. आई रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातली, तिथल्याच शाळेत पर्मनंट शिक्षिका. लग्नानंतर ती नोकरी सोडणार नव्हती आणि बाबांनी तसं म्हटलंही नाही. त्यांनीच रायपूरला बदली मागितली. रेल्वेत अशी बदली मिळते, पण नव्या डिव्हिजनमध्ये मागची वर्षं धरत नाहीत. काल लागलेल्या पोराच्याही मागे उभं राहावं लागतं. त्यात नेमकी भरती बंद झाली आणि कित्येक वर्षं बाबांच्या मागे कोणीच आलं नाही. वयाने लहान पोरं आधी ड्रायव्हर झाली आणि बाबा त्यांच्या शेजारी असिस्टंट म्हणून बसले. पुढे त्यांना मालगाडी मिळाली, एक्स्प्रेस कधीच नाही. उरला-बीरगांवच्या कारखान्यांचं लोखंड ओढता ओढता ते रिटायर झाले.

माझा किस्सा असा होता. मी एका छोट्या कंपनीत पंख्याच्या विमानांवर को-पायलट होते. उजवी सीट, डावीकडे कॅप्टन. पुढच्या वर्षी कॅप्टन व्हायचा माझा नंबर लागणार होता, आणि ही बातमी बाबांनी अख्ख्या पाऱ्यात, सगळ्या मोहल्ल्यात, पोहोचवली होती. तेवढ्यात मोठ्या जेट विमानांच्या कंपनीने मला निवडलं. तिथे माझा उडण्याचा अनुभव चालणार होता, नंबर चालणार नव्हता. आमच्या धंद्यात सगळं रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतं: कॅप्टन कधी होणार, कोणत्या शहरात राहणार, दिवाळीची सुटी कोणाला. मी ज्या दिवशी रुजू होणार त्या दिवशी सगळे माझ्या पुढे असणार होते.

"तोंडाशी आलेला घास सोडून राहिली तू," बाबा म्हणाले. "काहून?"

मी सांगितलं. जुन्या कंपनीकडे मोजकी विमानं आहेत, नवीन येण्याची चिन्हं नाहीत. तिथे कॅप्टन झाले तर त्याच चार गावांमध्ये फिरत राहीन. नव्या कंपनीची रांग लांब आहे, पण ती सरकते. आणि मला मोठं विमान उडवायचं आहे, ते शिकण्याचं वय हेच आहे. मला माझ्या हाताची खात्री होती, आजही आहे. मी हे बऱ्यापैकी तोऱ्यात सांगितलं असणार, कारण आईने मला डोळ्यांनी दटावलं.

बाबा उठून हात धुवायला गेले, म्हणून मला वाटलं विषय संपला. दोन दिवसांनी कळलं की ते माझ्यासाठी 'म्युच्युअल' शोधताहेत. रेल्वेत दोन माणसं आपसात जागा बदलून घेऊ शकतात आणि मग कोणीच अगदी तळाला जात नाही. बाबांचा हिशेब सरळ होता: त्या मोठ्या कंपनीत एखादा तरी पायलट छोट्या कंपनीत यायला तयार असेल, त्याला गाठायचं. समता कॉलोनीतल्या त्यांच्या मित्राचा पुतण्या तिथे नोकरीला होता. बाबांनी त्याला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर.

"अंकल, ऐसा हमारे यहाँ होता ही नहीं," पुतण्या हसू दाबत म्हणाला. मुलगा मराठी घरातला होता, पण उत्तर हिंदीतच.

"काहून नाही होत? अर्ज तर करून पाहा!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन हिसकावून बंद केला आणि ओरडले, "बाबा, ही मालगाडी नाही!" ओरडल्यावर लगेच जीभ चावली. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आई वह्या तपासत बसली होती. तिने पेन खाली ठेवलं. "एक सांग, तुझे बाबा माझ्यासाठी खाली उतरले. तू कोणासाठी उतरून राहिली? त्या कंपनीत कोणी पोट्टा आहे का?"

"आई! कोणी नाही."

"असला तरी चालते. सांग फक्त."

"नाही म्हटलं ना. मी माझ्यासाठी जाते आहे."

आईने मला जरा वेळ न्याहाळलं आणि पुन्हा वही ओढली. "मंग जा," ती म्हणाली. गॅलरीचं दार उघडंच होतं; बाबांनी ऐकलं होतं हे मला माहीत होतं.

मी रुजू झाले. पुन्हा वर्ग, पुन्हा परीक्षा, खांद्यावर पट्ट्या पूर्वीपेक्षा कमी. सुटीला आले की शेजारपाजारचे विचारायचे, कॅप्टन झाली का बाई? मी हसून सांगायचे, नाही, आणखी मागे गेले. मजा वाटायची मला त्यांचे चेहरे बघून. बाबा मात्र दर फोनवर एकच विचारायचे, "मागे कोणी आलं का?" मी म्हणायचे, अजून नाही. ते "बरं" म्हणून फोन आईकडे द्यायचे.

दिवाळीची सुटी अर्थातच पुढच्यांनी घेतली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी उडत होते आणि कॅप्टन माझ्याहून लहान होता. माझी उड्डाणं त्याच्याहून कमी नव्हती, फक्त तो आधी आला होता. उतरल्यावर मी घरी फोन केला आणि बाबांना हे सांगून टाकलं. लपवायचं कशाला?

"लहान होता?" बाबांनी विचारलं. "त्रास झाला?"

"थोडा झाला. मग त्याने लँडिंग मला दिलं. असं उतरवलं ना बाबा, की तो आपणहून 'वा' म्हणाला."

पलीकडे मागे कोणीतरी लवंग्यांची लड लावली होती.

"मले कोणी असं विचारलं नाही कधी," बाबा म्हणाले. "त्रास झाला का म्हणून."

त्यांच्या पोटची मुलगी असून मीही विचारलं नव्हतं. "मी विचारते. झाला होता?"

"लय झाला. पहिल्या दिवशी त्या पोट्ट्यानं मले चहा आणाले पाठवलं होतं." ते हसले, मग हसायचे थांबले. "पण माझं कसं होतं बेटा, घरी आलो की तुझी आई होती. ज्याच्यासाठी केलं ते समोर दिसे. तुझं तिथं कोण आहे?"

"मी आहे ना, बाबा."

मग फोन बाजूला धरून आईला सांगतानाचा त्यांचा आवाज आला, "अवो, पोट्टी मजेत आहे." आणि त्या दिवशी त्यांनी मागे कोणी आलं का, हे विचारलं नाही.