पाठ फिरवून उभे राहणारे केळुसकर साहेब

केळुसकर साहेबांची नेटवर्क दुरुस्त करायची एकच पद्धत होती. स्विच म्हणजे सगळ्या वायरी येऊन मिळतात ती पेटी. तिचं बटण बंद करायचं, तिच्याकडे पाठ फिरवायची, तीसपर्यंत मोठ्याने आकडे म्हणायचे आणि बटण पुन्हा चालू करायचं. आकडे चालू असताना खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. "मशीनला लाज असते हो," ते म्हणत. "टक लावून बसलात तर उठत नाही." नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी नवघरच्या आमच्या ऑफिसात शिरले, तर तीन इंजिनियर आणि एक लाइनमन भिंतीकडे तोंड करून उभे. आत जावं की परत फिरावं, कळेना. तेव्हाच परत फिरले असते तर बरं झालं असतं.

वसई-विरारभर इंटरनेट पुरवणारी आमची छोटी कंपनी, आणि साहेब तिचे तांत्रिक प्रमुख. मूळचे मालवणकडचे, विरारला फ्लॅट, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. त्या टेस्टरचा आमच्या कामात काडीचा उपयोग नव्हता, पण मालक आले की साहेब तो काढून हातात धरत. नेटवर्कमधलं त्यांना नेमकं काय येतं, हे मी चार वर्षं शोधत होते. ज्यांना नाचता येत नाही ते अंगण वाकडं म्हणतात. साहेब त्याही पुढचे, ते अंगणालाच बंद-चालू करत. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. मनात मात्र रोज बोलत होते.

स्विच आपल्या पोटातलं सगळं लिहून ठेवतो. कुठला पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची खाच, कधी बंद पडला, का पडला, एका ओळीत. त्याला लॉग म्हणतात. साहेबांनी तो जन्मात उघडला नाही. "लॉग वाचणं म्हणजे शेजाऱ्यांची भांडणं ऐकणं," ते म्हणत. "वेळ जातो, आणि शेवटी कोण खरं ते कळत नाही." वर हसत. त्यांना स्वतःचं बोलणं फार आवडायचं.

दुसरं वेड एकसारखेपणाचं. स्विचवरचे चोवीसही पोर्ट "सख्ख्या भावांसारखे दिसले पाहिजेत". एकाला दिलेली सेटिंग ते सगळ्यांना चिकटवत आणि मग चष्मा वर करून, देवघर लावल्याच्या समाधानाने स्क्रीनकडे बघत. पुढे सगळं बिनसलं ते त्यातूनच.

एका खासगी इस्पितळाच्या दोन इमारती होत्या, एक वसई गावात आणि लॅबची निर्मळला. दोन्हीकडचे त्यांचे स्विच एकाच खोलीत असल्यासारखे एकमेकांशी बोलावेत, म्हणून आम्ही मधून एक टनेल दिला होता. टनेल म्हणजे बंद पाकिटाची टपालसेवा. गिऱ्हाइकाचं बोलणं इकडच्या पोर्टवर पाकिटात घालायचं, मधे कुणी न फोडता न्यायचं, तिकडच्या पोर्टवर उघडायचं. नियम एकच. पाकीट बनवणारी ही सेटिंग फक्त गिऱ्हाइकाच्या पोर्टला द्यायची, आपल्याच दोन स्विचांमधल्या पोर्टला नाही. कारण पाकीट बनवणाऱ्या खिडकीवर बाहेरून तयार पाकीट आलं, की काहीतरी फिरून परत येतंय असं स्विचला वाटतं आणि तो ती खिडकी स्वतःच बंद करतो. साहेबांनी सेटिंग चोवीसही भावांना दिली होती. निर्मळच्या स्विचकडे जाणारा जुना, चालू पोर्ट तेवढा आधीच्या माणसाने लावलेला, म्हणून वाचला होता.

पुढे तो पोर्ट जळला. आमचा लाइनमन बस्त्यावकाका पाचूबंदरहून स्कूटरवर आला. साहेबांनी आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, 'निर्मळ – पर्यायी – २३'. काकाने वायर तेवीस नंबरला लावली आणि पोर्ट लगेच मिटला.

साहेब आले. आम्ही भिंतीकडे तोंड केलं. एक ते तीस. पोर्ट उघडला, क्षणभराने मिटला. पुन्हा एक ते तीस. मग साहेबांनी कुठेतरी वाचलेली युक्ती केली. बंद पडलेला पोर्ट दर पाच मिनिटांनी आपोआप उघडेल अशी सेटिंग दिली आणि "आता हा स्वतःच बरा होत राहील" असं जाहीर केलं. पोर्ट पाच मिनिटांनी डोळे उघडायचा, समोर पाकीट दिसलं की पुन्हा मिटायचा. मालक बघायला आले तेव्हा साहेबांनी घड्याळ बघून त्यांना नेमक्या वेळी रॅकसमोर उभं केलं. "बघा, हिरवा दिवा!" म्हणाले आणि खांद्यावर हात ठेवून चहाला घेऊन गेले. अशी हुशारी कामात दाखवली असती तर आम्ही त्यांच्या पाया पडलो असतो.

तीन दिवस हे चाललं. त्या तीन दिवसांत निर्मळच्या लॅबमधले रिपोर्ट वसईला कुणी नेले? बस्त्यावकाकाने. कुणी सांगितलं नव्हतं. केळीच्या वाड्यांमधून स्कूटरवर, रिपोर्टची पिशवी शर्टाच्या आत घालून, दिवसाला पाच-सहा खेपा. "मानसं थांबलीत तिकडे, बाय," तो मला म्हणाला. "वायर बोलत नाय तर आपन बोलायचं."

तिसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेले असताना मी लॉग उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पोर्ट तेवीस, टनेलची सेटिंग, बाहेरून पाकीट आलं, बंद केला. वाचायला एक मिनिट लागलं. मी ओळीचा फोटो काढला आणि काकाला फोन केला, "काका, चूक तुमची नाही. साहेबांची सेटिंग चुकलीय."

"मना ठाव होतं," तो म्हणाला. "चिठ्ठी वाचून लावली मी. पन तू सांग हां, बाय. माझं कोन ऐकनार?"

त्या महिन्यात मी नोकरीत कायम होणार होते. कागदावर सही साहेबांची लागणार होती.

संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. इस्पितळ करार मोडायला निघालं होतं. "शेवटचा हात कुणी लावला?" मालकांनी विचारलं. एक गोष्ट मान्य करायला हवी, साहेब कधी कुणावर ओरडले नाहीत. तेव्हाही हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाले, "बस्त्यावने. वय झालंय त्याचं. नजर चुकते."

काका उठला नाही. बसल्या जागी म्हणाला, "मी चिठ्ठीवरचा नंबर लावला. या बायला विचारा. तिनं वाचलंय."

मालक माझ्याकडे वळले. फोन माझ्या हातात होता, फोटो त्यात होता. साहेबही बघत होते, नेहमीचं मंद हसत.

मी म्हणाले, "बघावं लागेल."

बस्त्यावकाकाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग स्कूटरची किल्ली उचलली. मालकांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेव्हा तो आधीच दारात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी नसताना मी तेवीस नंबरवरची सेटिंग काढली. आठवड्याने साहेबांनी माझ्या कागदावर सही केली. पोर्ट का चालू झाला, ते त्यांनी विचारलं नाही. "लाजरं असतं हो," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. राजोडीच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टच्या अंगणात निरोप-समारंभ झाला, शाल-श्रीफळ, सुरमई. मला चार शब्द बोलायचे होते. चार वर्षं मनात साठवलेलं सगळं बोलायचं ठरवून आले होते. काकाचं नावही घेणार होते. पण साहेबच आधी उठले.

"माझी जागा आता अनघा घेतेय," ते म्हणाले. "आनंद वाटतो. पोरं हुशार असतात, पण फार बोलतात. हिला मी घडवलंय. वेळ आली तेव्हा ही गप्प बसली. तेव्हाच मी ओळखलं, ही आपली."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. नियम, पाकीट, स्वतःची चूक, मी लॉग वाचल्याचं. मी ज्यांना मूर्ख समजून इतकी वर्षं नाक मुरडत होते, ते मूर्ख नव्हते. बसल्या जागी मला स्वतःची शिसारी आली.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग उठले आणि साहेबांविषयी चार शब्द बोलले. चांगले.