विहाराच्या भिंतीवरचा पिंपळ

१९८४ च्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, माझ्या वडिलांना हिरवा आणि तांबडा वेगळा ओळखता येत नाही हे शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर उघड झालं. त्या दिवसांत ते भिसेगावात आमच्या वस्तीतल्या विहाराची भिंत रंगवत होते. बुद्धमूर्तीच्या मागे पिंपळ आणि पिंपळाच्या मागे माथेरानचा डोंगर, असं ठरलं होतं. बुद्धपौर्णिमेआधी काम पुरं व्हायला हवं होतं.

वडील चित्रकलेचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. निसर्गचित्रांतली त्यांची आवड कुणाला पटत नसे. लोकांना धबधबा, राजहंस, मावळतीचं केशरी पाणी लागे. वडील उन्हाळ्यात कळंबच्या बाजूला जाऊन राब भाजलेली शेतं रंगवत. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून काळे केलेले जमिनीचे तुकडे, भोवती करडं गवत, वर धुरकट आभाळ. आई ती चित्रं बाहेरच्या खोलीत लावू देत नसे. "पाहुण्यांना वाटायचं, घरात कोण गेलं का काय," म्हणायची. मलाही ती आवडत नसत. मला पाणी असलेली चित्रं आवडायची. अजूनही तीच आवडतात.

शेजारी रेल्वेत होते. त्यांच्याकडे बरीच वर्षं काळा-पांढरा टीव्ही होता. त्यावर अधूनमधून एक चित्रकार कॅमेऱ्यासमोर निसर्गचित्र काढून दाखवी. पडद्यावर सगळं राखाडी. वडील बसल्या जागेवरून रंग सांगत. "आता गेरू घेतला. त्यात थोडा निळा घालील बघ." ते खरं की खोटं, हे ताडून बघायची सोय नव्हती. शेजाऱ्यांनी रंगीत टीव्ही आणला तेव्हा ती झाली.

त्या रविवारी चित्रकार झाडी भरत होता. वडील म्हणाले, "विटकरी लावतोय."

"गुरुजी, हिरवा हाय तो," शेजारी म्हणाले.

"मग तुमच्या टीव्हीचा रंग उतरलाय. वाढवा जरा."

शेजाऱ्यांनी उठून बटण फिरवलं. चित्रकाराचा चेहरा शेंदरी झाला, झाडी पोपटी झाली.

"अजून थोडा."

"आता काय त्याला हळद लावताव का, गुरुजी?"

खोलीतले लोक हसले. वडीलही हसले. बटण शेवटापर्यंत फिरवून झालं होतं. पुढचे तीन रंग त्यांनी चुकीचे सांगितले आणि मग ते गप्प बसले. कार्यक्रम मात्र त्यांनी पूर्ण पाहिला.

तोवर भिंतीवरचा डोंगर आणि पिंपळ बहुतेक भरून झाले होते. दोन्ही तांबूस होते. विहारात येणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं. आईने पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. विहाराच्या समितीतल्या एकाने मला एवढंच म्हटलं होतं, "गुरुजींना जळकंच आवडतं." ती त्यांची आवडच असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईला घेऊन विहारात गेले. मी मागून गेलो. त्यांनी आईला मूर्तीच्या बाजूला उभं केलं.

"ही पानं कशी दिसतात गं?"

"पिंपळाची."

"रंग विचारतोय."

"तांबडी."

वडिलांनी एका पानावरून बोट फिरवलं.

"नवी पालवी तांबडीच असते की, अवो. बाहेर बघा ना झाड."

"अख्खं झाड?"



त्याच आठवड्यात पनवेलच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता. डोळ्यामागची नस सुकत चालली होती. ऑपरेशनचा किंवा चष्म्याचा उपयोग नव्हता. हे किती दिवसांपासून चाललं असेल, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही.

समितीची माणसं घरी आली. चित्र आहे तसं राहू द्यावं, असं सगळ्यांचं मत पडलं. "आमाला चालतंय, गुरुजी," त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले. डब्यांवर नावं लिहून देऊ, हिरवा कुठला ते पोरं सांगतील, असंही एकाने सुचवलं. वडिलांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं आणि चुना कुठे मिळेल ते विचारलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी भिंतीला चुन्याचा पहिला हात दिला. पिंपळ चुन्याखालून दिसत राहिला, म्हणून संध्याकाळी दुसरा दिला.