हद्दीच्या दगडापाशी आत्या एकटी होती

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उज्जैनच्या टावर चौकात भाजी घेत होतो. "झोपेतच गेल्या," शेजारीण म्हणाली. सव्वा महिना झाला... दुःख आहेच, पण राग त्याहून मोठा आहे.

सुमतीआत्या माधव नगरात एकटी राहायची. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, रिटायर झाल्यावर शिप्रेच्या काठाकाठानं हिंडू लागली. उज्जैनपासून प्रवाहाच्या बरंच खाली, नदीच्या एका वळणावर मोडी कोरलेला कमरेएवढा दगड होता. संस्थानांच्या काळात तिथे नदी हीच हद्द. अलीकडे ग्वाल्हेर, पलीकडे इंदूर. गावातल्या बायका त्या दगडाला शेंदूर लावायच्या. आत्यानं शेंदूर खरवडला नाही, बोटांनी चाचपून अक्षरं वाचली. मग बायका बोलत्या झाल्या. "हमारी सास उस पार की थीं, बाईजी. ब्याह हुआ और राज बदल गया." आत्या सगळं वहीत उतरवायची.

मग तिथे पक्का घाट बांधायचं ठरलं. दगड चार हात सरकवा, एवढंच मागायला ती घाट बांधणाऱ्या खात्याच्या ऑफिसात तीनदा गेली. साहेब हसले. "मैडम, पत्थर ही तो है. नया लगवा देंगे."

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिनं मला फोन केला. "उद्या मशीन येणार आहे. तू चल. पुरुषमाणूस बरोबर असला की ऐकतात मेले."

"आत्या, जाऊ दे ना. या वयात कशाला?" मी म्हणालो... आणि गेलो नाही.

ती एकटीच गेली, दगडापुढे सतरंजी टाकून बसली. दुपारी दोघांनी तिला सतरंजीसकट उचलून बाजूला ठेवलं. म्हणे, आदरानं! दगडाचे तुकडे घाटाच्या भरावात गेले. त्यानंतर ती नदीवर गेली नाही, नीट जेवलीही नाही.

शोकसभेला तेच साहेब आले. फोटोला हार घालून म्हणाले, "विरासत की सच्ची रक्षक थीं." मी उठलो. "वो पत्थर आपने ही तुड़वाया था!" कोणीतरी मला खाली ओढलं, "भाऊ, मौका तो देखो." मौका! तिच्या मौक्याला मी कुठे होतो?

गेल्या रविवारी मी आत्याच्या घरी असताना त्या दगडाजवळच्या गावातली एक म्हातारी बसनं आली. आत्या गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ती उंबऱ्यातच बसली. "एक बात लिखवानी रह गई थी," म्हणाली. मी तिला आत नेलं, टेबलावरची वही उघडली, आत्याचं पेन घेतलं.

"बताइए, मैं लिखता हूँ. भतीजा हूँ उनका."

तिनं मला नीट न्याहाळलं.

"उस दिन तो तुम थे नहीं."

मी कोऱ्या पानावर तारीख घातली. मग ती सांगू लागली.