मिशी आणि कचऱ्याचं बाकडं

सात रस्ता चौकाच्या पुढं लिंबाखाली आमचं दगडी बाकडं होतं. एका टेम्पोनं मागं येता येता ते फोडलं. मग महापालिकेनं नवं आणून बसवलं. तपकिरी, दिसायला हुबेहूब लाकडाचं. बसवणारा साहेब कौतुकानं म्हणाला, "आजोबा, दुधाच्या पिशव्या अन् बाटल्या वितळवून केलंय हे."

"म्हणजे कचरा," मी म्हणालो.

चार माणसं ऐकत होती, त्यामुळं मला थांबता येईना. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो न्हाय, पण दिल्या शब्दाच्या मागंही कधी गेलो न्हाय. म्हणालो, "या कचऱ्यावर बसलो तर मिशी उतरवीन!"

समोरच माझ्या दोस्ताचं सलून. त्यानं तिथूनच वस्तरा दाखवला.

तेव्हापासून सगळे बसायचे अन् मी लिंबाला टेकून उभा. गुडघे ठणकायचे. दोस्त दारातून ओरडायचा, "बस की गड्या! तुझ्याच दुधाच्या पिशव्या असतील त्यात. घरचंच बाकडं हाय!"

"उभं राहिलं की जेवण पचतं," मी म्हणायचो.

परवा मात्र गुडघ्यांनी हात टेकले. सलूनच्या दारात दोरीवर टॉवेल वाळत होता. जन्म माझा मागावर टॉवेल विणण्यात गेला. टॉवेल दिसला की हात जातोच. ओढला, बाकड्यावर अंथरला अन् ऐटीत बसलो.

दोस्त वस्तरा घेऊनच पळत आला. "बसलास! काढ मिशी!"

"मी कुटं बसलो? मी टॉवेलवर हाय. बाकड्यावर टॉवेल बसलाय. त्याची मिशी काढ."

तो टॉवेलचं टोक धरून ओढायला लागला. मी कशाला हलतोय! तेवढ्यात आतून गिऱ्हाईक बोंबललं. अर्धी दाढी झालेली, तोंडभर साबण. "अहो, डोळ्यात गेला की! टॉवेल आणा!"

बाकीचे टॉवेल बादलीत भिजत पडलेले.

"दे रं टॉवेल!"

"मिशी माफ?"

"गिऱ्हाईक जाईल माझं!"

"माफ का न्हाय ते सांग."

"माफ, बाबा, माफ! ऊठ!"

मी उठलो. टॉवेल झटकला, नीट घडी घालून त्याच्या हातात दिला. अन् तो वळायच्या आत खाली बसलो, थेट फळ्यांवर.

"आरं, बसलास की!"

"मग? आत्ताच माफ केलीस न्हवं?"

मिशीला पीळ भरला अन् पाय लांब सोडले.